जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन निवडताना काय पाहावे

नव्या आउटबोर्ड इंजिनाची, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायच्या इंजिनाची, किंमत ऐकून मागे फिरलेले बरेच लोक शेवटी जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाकडे वळतात. बडोद्यात अशी चौकशी करणारे पूर्वीपासूनच होते. कोणाची महीकाठी शेती असते, कोणाला सिंधरोट किंवा फाजलपूरच्या बाजूला मासे धरण्याचा नाद असतो, तर कोणाची होडी नर्मदेवर चांदोद-गरुडेश्वरच्या टापूत असते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी सोसायट्यांमध्ये शिरले, माणसे वरच्या मजल्यांवर अडकली आणि त्यांना दूध-औषधे पोहोचवायलाही साधन नव्हते. तेव्हापासून आपल्या सोसायटीची एक लहान होडी आणि तिला एक इंजिन असावे, असा विचार करणारी मंडळीही या चौकशीत आली आहेत. हा लेख या सर्वांसाठी आहे.

बडोद्यात विकायला येणारी जुनी इंजिने बहुधा इथली नसतात. ती खंभातच्या आखातावरून, दमण-उंबरगावच्या किनाऱ्यावरून किंवा मुंबईच्या बाजूने येतात. म्हणजे त्यांचे आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलेले असते. त्यामुळे इंजिन कोणत्या सालचे आहे आणि त्याचा रंग किती चकचकीत आहे, हे प्रश्न मी दुय्यम मानतो. ते कोणत्या पाण्यात चालले आणि त्याच्या पेट्रोलमध्ये कोणते तेल किती प्रमाणात घातले जात होते, हे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत. विकणारा त्यांची उत्तरे देईलच असे नाही, पण कुठे पाहायचे हे माहीत असेल तर इंजिन स्वतःच ती देते.

त्यासाठी टू-स्ट्रोक इंजिन कसे चालते, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, तर टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. पिस्टन वर जाताना डोक्याकडचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी निर्माण होऊन कार्बोरेटरमधून ताजे मिश्रण रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्यांवाटे आत ओढले जाते. ठिणगी पडून पिस्टन खाली आला की आधी धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडते, आणि लगेच क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण बाजूच्या वाटांनी वर चढून उरलेला धूर ढकलून देते. वर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. भाग कमी असल्याने वजन कमी, बिघाड शोधणे सोपे आणि दुरुस्ती साध्या हत्यारांनी होण्यासारखी, हे टू-स्ट्रोकचे मोठे गुण आहेत.

याच रचनेत त्याचा दुबळेपणाही आहे. क्रँककेसमधून पेट्रोलचे मिश्रण सतत जात असल्यामुळे तिथे मोटारीसारखे तेल भरून ठेवता येत नाही. बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा यांना जे काही वंगण मिळायचे ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. एखाद्या खेपेला कोणी तेल घालायला विसरला, तर इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. आणि कोणी वर्षानुवर्षे चुकीचे तेल घातले, तर ते हळूहळू आतून कोळशाने भरते. दुसरे असे की क्रँककेस हवाबंद असावी लागते. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी सील झिजली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रण जास्त तापते आणि शेवटी पिस्टन जळतो. म्हणून ‘चालू आहे’ एवढ्या एका शब्दावर टू-स्ट्रोक कधीही घेऊ नये.

बाजारात ही इंजिने इतकी का दिसतात, याचेही कारण आहे. धूर बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो, आणि साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये हा भाग चौथाई किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सुटत असल्याने ते पेट्रोल आणि तेल थेट पाण्यात जाते. अमेरिकेत १९९६ च्या नियमांनुसार २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने अशा इंजिनांवर मर्यादा आल्या, युरोपातही त्याच सुमारास आल्या, आणि त्यानंतर ही इंजिने प्रामुख्याने आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील मच्छीमारांसाठी बनत राहिली. इथे माझे मत स्पष्ट आहे. आजवा सरोवरातून बडोद्याला पिण्याचे पाणी मिळते. अशा जलाशयात परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी टू-स्ट्रोक घालू नये. तिथे वल्ही किंवा बॅटरीची मोटर हाच योग्य पर्याय आहे. वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात आणि जिथे इंजिन दोघांनी उचलून न्यायचे आहे तिथे मात्र टू-स्ट्रोकच्या हलकेपणाला अजून तोड नाही. ९.८ हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक सुमारे २६ किलोचे असते, तर तेवढ्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक ३७ किलोच्या आसपास जाते.

इंजिन पाहायला जाण्यापूर्वी आपली होडी मोजून घ्यावी. होडीच्या मागच्या फळीची उंची, म्हणजे जिथे क्लॅम्प बसतो त्या काठापासून तळापर्यंतचे अंतर, १५ इंच असेल तर ‘शॉर्ट शाफ्ट’ आणि २० इंच असेल तर ‘लाँग शाफ्ट’ इंजिन लागते. पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, तिला मिस्त्री लोक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. आखूड शाफ्ट उंच फळीवर लावला तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसते किंचाळते आणि होडी पुढे जात नाही. लांब शाफ्ट बुटक्या फळीवर लावला तर तो उथळ पाण्यात घासतो. किनाऱ्यावरच्या मासेमारी होड्यांच्या फळ्या उंच असल्याने तिकडून येणारी बरीच इंजिने लाँग शाफ्ट असतात, हे लक्षात असू द्यावे. स्वस्त मिळाले म्हणून चुकीच्या लांबीचे इंजिन घेऊन नंतर होडीची फळी कापायला निघणे हा उलटा कारभार आहे.

ताकदीच्या बाबतीत हाव नसावी. दहा-बारा फुटांच्या, दोन-तीन माणसांच्या होडीला ५ ते ८ हॉर्सपॉवर पुरेसे होतात. गोल किंवा जड बुडाची होडी एका ठरावीक वेगापुढे जातच नाही. तिथे जास्त ताकद म्हणजे फक्त जास्त पेट्रोल आणि मागच्या टोकावर जास्त वजन. होडीवर माणसांची आणि ताकदीची मर्यादा लिहिलेली पाटी असेल तर ती अंतिम समजावी. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अपुरी लाइफ जॅकेट म्हणजे काय, हे त्यानंतर बडोद्यात कोणाला वेगळे सांगावे लागू नये. इंजिन, पेट्रोलची टाकी आणि चालवणारा माणूस हे तिन्ही होडीच्या मागच्या बाजूला असतात, म्हणून इंजिनाचे वजन धरूनच माणसे मोजावीत.

आता कंपनीचा प्रश्न. यामाहा, सुझुकी, तोहात्सु आणि मर्क्युरी यांची मच्छीमारांत रुळलेली मॉडेल घेतली तर सुटे भाग मिळतात, आणि किनाऱ्यावर ती खोलू शकणारे मिस्त्रीही मिळतात. जॉन्सन आणि इव्हिनरूड ही नावे जुनी आणि इंजिने चांगली, पण त्यांची मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली आणि नंतर ती नावे विकत घेणाऱ्या कंपनीनेही २०२० साली आउटबोर्ड बनवणे थांबवले. त्यामुळे अशा इंजिनाचा एखादा गिअर किंवा इग्निशनचा डबा गेला तर शोधाशोध मोठी होते. कव्हरवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नये. एकाच ब्लॉकवर दोन वेगवेगळ्या ताकदींची इंजिने बनतात आणि स्टिकर कोणालाही चिकटवता येते. खरे मॉडेल आणि क्रमांक क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर बसवलेल्या पट्टीवर असतात. ती पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर इंजिन कितीही चांगले वाटले तरी तिथेच नमस्कार करावा.

मच्छीमारांकडून येणाऱ्या इंजिनांत एक प्रकार केरोसिनवर चालणाऱ्यांचा असतो. ती पेट्रोलवर चालू करून मग केरोसिनवर घेतली जातात. त्यांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, मुद्दाम कमी ठेवलेले असते आणि आत कोळसाही जास्त साचतो. ती पेट्रोलवर चालतात, पण पेट्रोल मॉडेलइतकी ताकद देत नाहीत. इंधनाच्या वाटेवर दोन टाक्यांची तोटी किंवा जादा नळी दिसली तर स्पष्ट विचारावे.

प्रत्यक्ष तपासणीची सुरुवात विकणाऱ्याला आधी फोन करून करावी. ‘मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका’, एवढे सांगावे, आणि गेल्यावर प्रथम कव्हर काढून हात इंजिनाच्या डोक्यावर ठेवावा. ते कोमट असेल तर विकणाऱ्याला थंड इंजिनाची काहीतरी अडचण माहीत आहे, असे समजायला हरकत नाही.

कव्हर काढलेलेच आहे तर आधी बोल्ट पाहावेत. बोल्टच्या डोक्यांवरचा कंपनीचा रंग शाबूत असेल तर इंजिन खोललेले नाही. कोपरे झिजलेले आणि रंग उडालेला असेल तर खोललेले आहे, मग का खोलले ते विचारावे. खोललेले इंजिन वाईटच असते असे नाही, पण कारण सांगता आले पाहिजे. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर आणि रंगाखाली फुगे येतात. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे धरून बसतात की सोडवायला गेले तर तुटतात, आणि तुटलेला बोल्ट बाहेर काढण्याचा लेथवाल्याचा खर्च कधी कधी इंजिनाच्या सौद्याइतका होतो. पंख्याजवळ जस्ताचा एक तुकडा, म्हणजे ॲनोड, बसवलेला असतो. इंजिनाऐवजी तो झिजावा, हेच त्याचे काम. तो अर्धा झिजलेला असेल तर चांगले लक्षण आहे. तो नवाकोरा असूनही आजूबाजूचे धातू खाल्लेले असतील, तर तो विकण्यापुरता बसवला आहे. त्याच्यावर रंग फासलेला असेल, तर त्याने कधी काम केलेच नाही.

त्यानंतर प्लग काढावेत, आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे क्रमाने ठेवावे. तपकिरी आणि किंचित तेलकट प्लग हे निरोगी टू-स्ट्रोकचे लक्षण आहे. काळा आणि ओला असेल तर मिश्रण जाड आहे किंवा तेल जास्त आहे. अगदी पांढरा, भाजलेला असेल तर मिश्रण पातळ आहे. दोनपैकी एकच प्लग संशय येण्याइतका स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये गॅस्केटमधून पाणी शिरून वाफेने प्लग धुतला जात असण्याची शक्यता असते. आणि प्लगच्या टोकावर रुपेरी बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम आहे; त्यापुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

प्लग काढलेलेच आहेत तर कॉम्प्रेशन पाहून घ्यावे. यासाठी लागणारा गेज मोटारसायकलच्या मिस्त्रीकडेही असतो. सर्व प्लग बाहेर, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि मग काटा वर चढायचा थांबेपर्यंत इंजिन चालू करायची दोरी चार-पाच वेळा ओढायची. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. लहान इंजिनांत तो साधारण ९० ते १३० पीएसआयच्या दरम्यान येतो. पण मी आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधल्या फरकाकडे पाहीन. दोन्ही सिलिंडर १०० दाखवत असतील तर ते इंजिन १२५ आणि ९५ दाखवणाऱ्या इंजिनापेक्षा कितीतरी चांगले. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालून जातो. पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला की रिंग अडकलेली, भिंत ओरखडलेली किंवा गॅस्केट गेलेले असते. प्लगच्या भोकातून बारीक टॉर्चने सिलिंडरची भिंत पाहता येते. उभे खोल ओरखडे दिसले तर ते इंजिन कधीतरी तेलाविना जाम झालेले आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात तुलना करायला दुसरा आकडा नसतो, म्हणून तिथे भिंत पाहण्याला जास्त महत्त्व द्यावे.

गिअरचे तेल ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त माहिती देणारी तपासणी आहे, आणि तीच बहुतेक लोक टाळतात. इंजिन रात्रभर उभे ठेवलेले असेल तर उत्तम. पंख्याच्या पुढच्या बोंडावर, म्हणजे गिअरच्या पेटीवर, दोन स्क्रू असतात. खाली भांडे धरून खालचा स्क्रू सावकाश सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे आत पाणी असेल तर तेच आधी बाहेर येते; दोन-चार थेंब आले तरी ते लक्षात घ्यावेत. मग तेलाचा रंग पाहावा. पाणी न शिरलेले तेल पारदर्शक किंवा काळपट असते. पाणी शिरून घुसळले गेलेले तेल दुधाच्या चहासारखे दिसते. काळपट तेल म्हणजे फक्त जुने तेल. दुधाळ तेल म्हणजे सील गेलेले, आणि ते किती दिवसांपूर्वी गेले यावर आतल्या बेअरिंगना आणि गिअरना किती गंज लागला ते ठरते. शेवटी तेल दोन बोटांत चोळावे. बारीक करडी पूड लागली तर ती सामान्य झीज आहे, पण टोचणारे कण लागले तर ते गिअरचे दात आहेत. पंख्याच्या मागे, दांड्याच्या मुळाशी मासेमारीचा नायलॉनचा धागा गुंडाळलेला दिसला तर सील त्यानेच कापले असणार. विकणारा हा स्क्रू उघडू देत नसेल, तर निर्णय घ्यायला तेवढे कारण पुरे.

मग गिअर टाकून पाहावा. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि पुढच्या व मागच्या गिअरमध्ये तो धरला गेला पाहिजे. न्यूट्रलमध्ये पंखा फिरवताना त्याच्या दांड्याचे टोक हलताना दिसले, तर तो कधीतरी दगडावर आपटून वाकला आहे. पंख्याची पाती किंचित दुमडलेली असतील तर चिंता नाही, पंखा बदलता येतो.

आता इंजिन चालू करण्याकडे वळू. प्लास्टिकचा किंवा लोखंडाचा २०० लिटरचा ड्रम, ज्यात पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या चांगले वर येईल इतके भरलेले असेल, एवढे साधन पुरे. पाण्याशिवाय आउटबोर्ड काही सेकंदही चालवू नये, कारण त्याचे थंड राहणे एका लहानशा रबरी इम्पेलरवर, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या चाकावर, अवलंबून असते आणि तो कोरडा फिरला की त्याची पाती जळतात. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबावा, चोक ओढावा आणि दोरी ओढावी. थंड इंजिन चार-पाच झटक्यांत चालू झाले तर समाधान मानावे. सुरुवातीचा निळसर धूर नेहमीचाच असतो. चालू झाल्याबरोबर मागच्या बाजूच्या लहान भोकातून पाण्याची धार निघते का, हे पाहावे. ती एका मिनिटाच्या आत स्थिर आणि जोरदार झाली पाहिजे.

ही धार किनाऱ्यावरच्या इंजिनांत विशेष काळजीने पाहावी लागते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो आणि पाणी कायम गाळाने गढूळ असते. तो गाळ इम्पेलरची रबरी पाती आणि त्याच्या भोवतीची धातूची वाटी वाळूच्या कागदासारखी झिजवतो, आणि आतल्या बारीक वाटांत मिठाबरोबर साचतो. म्हणून धार असणे पुरेसे नाही. धार आहे पण सिलिंडरभोवतीची वाट अर्धी बुजली आहे, असेही होते. इंजिन दहा मिनिटे मंद गतीवर चालू ठेवावे, मग डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब तसाच राहिला तर ठीक; चर्र होऊन उडाला तर आतले तापमान पाणी उकळण्याच्या वर गेले आहे. चालताना किल स्विचची, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची, दोरी ओढून इंजिन त्याच क्षणी बंद पडते का, तेही बघावे. हा स्विच बिघडलेला असूनही इंजिन विकले जाते, आणि माणूस पाण्यात पडला की त्याचा जीव त्याच्यावरच असतो.

ड्रममध्ये इंजिनावर भार येत नाही, हे मात्र विसरू नये. रिकामे चांगले फिरणारे इंजिन पाण्यात माणसे घेऊन निघाले की दोन मिनिटांत ढेपाळते, पुढचा गिअर खट्कन सुटतो किंवा पंख्याच्या मधल्या रबराची पकड सुटून इंजिन धावते आणि होडी नाही, असे बिघाड ड्रममध्ये दिसतच नाहीत. शक्य असेल तर पूर्ण थ्रॉटलवर पाच-दहा मिनिटे पाण्यात चालवूनच व्यवहार करावा. ते शक्य नसेल तर किंमत त्या अनिश्चिततेप्रमाणे कमी ठरवावी.

इंधनाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घेतल्यानंतर इंजिन बिघडण्याचे मोठे कारण तेच असते. बहुतेक टू-स्ट्रोक आउटबोर्डना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल लागते, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर आणि पाच लिटरला १००. जुन्या काही मॉडेलना २५ ला १, म्हणजे दुप्पट लागते. पुस्तिका नसेल तर मॉडेल क्रमांकावरून हे शोधावे, अंदाजाने घालू नये. तेल ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचे असावे. स्कूटरचे टूटी तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असते आणि त्यातले काही घटक जळून राख सोडतात. आउटबोर्ड पाण्याने थंड राहत असल्यामुळे ती राख प्लगवर आणि रिंगांच्या खाचांत बसते. स्कूटरचे तेल वाईट असते असे नाही, ते या कामासाठी नाही.

याहून मोठा प्रश्न इथेनॉलचा आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, आणि आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये साधारण १० टक्क्यांपर्यंतच परवानगी दिलेली असते. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या, फुगा आणि कार्बोरेटरमधले पडदे इथेनॉलने फुगतात किंवा चिकट होतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने ठरावीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, असलेल्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण थोडे पातळ पडते, आणि टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण सोसत नाही. तिसरी गोष्ट सर्वात घातक आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो, तर तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतली नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाला तेव्हा वंगण नसलेले पाणीदार इथेनॉल मिळते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे, काही आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी सोडू नये, आणि चांगल्या मिस्त्रीकडून प्लगचा रंग पाहून मुख्य जेट एक नंबर वाढवायचा का, हे विचारावे.

सोसायटीसाठी इंजिन घेणाऱ्यांना एक वेगळी सूचना करतो. वर्षभर कोपऱ्यात पडून राहायचे आणि एका दिवशी हमखास चालू व्हायचे, ही आउटबोर्डकडून केलेली सर्वात कठीण अपेक्षा आहे. कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल सुकून चिकट होते आणि ऐन वेळी जेट बंद असते. महिन्यातून एकदा ड्रममध्ये दहा मिनिटे चालवावे आणि बंद करताना पेट्रोलची नळी काढून टाकावी, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडते. पुराच्या गल्लीत पाण्याखाली कंपाउंडच्या भिंती, उलटलेली दुचाकी आणि तारा असतात, म्हणून होडीत वल्ही असलीच पाहिजेत. आणि पाण्यातल्या माणसाजवळ जाताना नुसते न्यूट्रल नाही, तर इंजिन बंद करावे. फिरता पंखा हा पाण्यातल्या माणसासाठी मगरीइतकाच धोका आहे.

कागदपत्रांकडे लोक हौशी वस्तू म्हणून दुर्लक्ष करतात. आउटबोर्ड दोन क्लॅम्प सैल केले की उचलून नेता येते, त्यामुळे चोरीचा माल बाजारात फिरतो. विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि इंजिनाचा क्रमांक असलेली सही केलेली पावती घ्यावी, आणि पावतीवरचा क्रमांक ब्रॅकेटवरच्या पट्टीशी तिथेच ताडून पाहावा. अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ प्रमाणे यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या होडीची नोंदणी आणि तपासणी हे विषय येतात. नदीत किंवा तलावात उतरवण्यापूर्वी त्या पाण्यावर ज्यांचा अधिकार आहे त्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.

किंमत ठरवताना घेतल्याबरोबर करायच्या कामांचा खर्च आधीच धरावा: नवा इम्पेलर, गिअरचे तेल आणि त्याच्या स्क्रूंचे वॉशर, नवे प्लग, पेट्रोलची नळी व फुगा, आणि कार्बोरेटरची सफाई. विकणारा ‘आत्ताच सगळे केले आहे’ असे म्हणाला तरी इम्पेलर बदलावाच, कारण तो बाहेरून दिसत नाही आणि त्याची किंमत एका पिस्टनच्या तुलनेत किरकोळ असते. बदलताना जुना इम्पेलर हातात घेऊन त्याची पाती मोजावीत. एखादे कमी असेल तर तुटलेला तुकडा पुढे पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो, आणि तो शोधून काढल्याशिवाय इंजिन चालू करू नये.